थंडी तयार होते एकाच जागी

रांजणगावच्या महागणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की देवळापासून थोड्याच अंतरावर, कारेगावच्या बाजूला पसरलेल्या एमआयडीसीतून फ्रिजने भरलेले ट्रक देशभर रवाना होत असतात. व्हर्लपूल ऑफ इंडियाच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ताच मुळी 'एमआयडीसी रांजणगाव, तालुका शिरूर' असा आहे. एलजीने ग्रेटर नोएडानंतरचा आपला दुसरा भारतीय कारखाना २००४ मध्ये इथे काढला. हायरने २००७ मध्ये अँकर-देवूचा इथलाच फ्रिजचा कारखाना विकत घेतला आणि २०१७ मध्ये त्याचा मोठा विस्तार केला. एका तालुक्यात तीन बडे ब्रँड! न्हावरे-चौफुला रस्त्याने भीमा ओलांडून दौंडकडे गेले की मात्र चित्र पालटते. तिथे फ्रिज विकला जातो, हप्त्यांवर घेतला जातो, बदलीच्या टेम्पोत चढतो आणि नेमका ऐन मे महिन्यात रुसतो.

या दोन्ही तालुक्यांतल्या दुकानांत गिऱ्हाइकाची चौकशी साधारण एकाच क्रमाने चालते. सिंगल डोअर की डबल डोअर? किती लिटर? किती स्टार? हप्ता किती बसेल? मग दारावरची फुले आवडली की नाही यावर घरात एक छोटी सभा होते. डबल डोअर म्हणजे बहुतेक वेळा वर छोटा फ्रीझर आणि खाली मोठा फ्रिज. दोन दारे, दोन कप्पे, आत दोन बटणे. साहजिकच घेणाऱ्याची समजूत होते की ही एकावर एक ठेवलेली दोन यंत्रे आहेत. तसे नसते. वरच्या फ्रीझरच्या साध्या फ्रिजमध्ये थंडी तयार होते ती एकाच जागी, फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या भिंतीआड. खालच्या कप्प्याला जे मिळते ते वरून सोडलेले, वाटून दिलेले. ही एक गोष्ट ध्यानात आली की फ्रिजच्या निम्म्या तक्रारींचा उगम आपोआप कळतो.

त्या भिंतीआड ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचे एक वेटोळे असते. कारागीर त्याला कॉइल म्हणतात. नळीतून आलेला द्रव तिथे कमी दाबाखाली उकळतो, आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूच्या हवेतून ओढून घेतो. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने, फरक इतकाच की माठातून पाझरलेले पाणी हवेत निघून जाते आणि फ्रिजमधला वायू पुन्हा पकडून आणला जातो. हे पकडून आणण्याचे काम मागे तळाशी बसवलेल्या काळ्या हंड्यासारख्या कॉम्प्रेसरचे. तो वायू दाबतो, त्यामुळे वायू तापतो, आणि ही उष्णता घराच्या हवेत सोडून तो पुन्हा द्रव होतो. मग केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीतून जाताना त्याचा दाब पडतो आणि फेरा नव्याने सुरू होतो.

उष्णता बाहेर टाकणारी काळी जाळी पूर्वी फ्रिजच्या पाठीवर उघडी दिसायची. तिच्यावर फडकी वाळत घालणारी घरे अनेकांनी पाहिली असतील. आता ती जाळी गेली. तिच्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आतून चिकटवलेल्या असतात. म्हणून नव्या फ्रिजची कूस हाताला गरम लागते आणि पहिल्याच दिवशी दुकानात फोन जातो. तो दोष नाही. दोन दारांच्या मधली आडवी पट्टीसुद्धा कोमट लागते, तीही मुद्दाम. गरम नळीचा एक पदर फ्रीझरच्या चौकटीतून फिरवलेला असतो, नाहीतर पावसाळ्यात त्या पट्टीवर घाम धरून पाणी ओघळले असते. अडचण होते ती नव्या बंगल्यांतल्या फर्निचरमुळे. सुतार हौसेने फ्रिजच्या मापाचा कोनाडा करतो, दोन्ही कुशी प्लायवुडला टेकतात आणि उष्णतेला वाट उरत नाही. मग कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही आणि वीजबिल फुगते. दोन्ही बाजूंना, मागे आणि वर किती जागा मोकळी हवी हे माहितीपुस्तिकेत छापलेले असते. सुताराला बोलावण्याआधी ते पान वाचलेले बरे.

फ्रीझर वरच का? याचे मूळ विजेच्या फ्रिजच्याही आधीचे आहे. युरोप-अमेरिकेत लाकडी बर्फपेट्या वापरात होत्या, त्यांत बर्फाची लादी बहुधा वरच्या खणात ठेवत. गार हवा जड असल्याने ती आपसूक खाली उतरे. फ्रिज विजेवर आला तेव्हा बर्फाच्या जागी कॉइल बसली, खण तोच राहिला. १९५८ मध्ये गोदरेजने भारतीय कंपनीचा पहिला फ्रिज बाजारात आणला. त्यानंतर कित्येक वर्षे आपल्याकडे घरोघरी दिसला तो एका दाराचा, वर छोटी बर्फाची पेटी असलेला प्रकार. आजचा सिंगल डोअर त्याच कुळातला. त्यात पंखा नसतो, हवा आपल्या वजनाने खाली येते, आणि पेटीवर बर्फाचा थर चढला की बटण दाबून तो वितळवावा लागतो.

डबल डोअरमध्ये हे काम पंख्याकडे गेले. कॉइलजवळचा छोटा पंखा गार हवा फ्रीझरमध्ये फेकतो आणि तिचा काही हिस्सा मागच्या पन्हाळीतून खाली पाठवतो. या पन्हाळीच्या तोंडाशी एक झडप असते, तिला डॅम्पर म्हणतात. फ्रीझरमध्ये उणे १८ अंश आणि खाली ३ ते ४ अंश हा भेद राखायचा तो या झडपेच्या जोरावर.

इथेच उन्हाळ्यातली सर्वांत नेहमीची चूक घडते. बऱ्याच साध्या मॉडेलांत फ्रीझरमधले बटण म्हणजे फक्त या झडपेची मूठ असते. ते 'मॅक्स'वर नेले की थंडी जास्त तयार होत नाही. खाली जाणारी वाट अरुंद होते, एवढेच. घरात पाहुणे आलेले, बर्फ लवकर हवा म्हणून कोणी बटण फिरवते, आणि चार दिवसांनी खाली ठेवलेले ताक आंबट होते. मेकॅनिक येतो, बटण मध्यावर आणतो, भेटीचे पैसे घेऊन जातो. थंडी खरोखर वाढवायची असेल तर त्यासाठीचे बटण बहुधा खालच्या कप्प्यात असते. इलेक्ट्रॉनिक पॅनेल असलेल्या महागड्या मॉडेलांत झडप मोटरवर चालते, तिथे हा घोटाळा होत नाही.

हवेची ही वाट कळली की कोणता पदार्थ कुठे ठेवायचा तेही ठरते. पन्हाळीतून हवा पहिल्यांदा बाहेर पडते ती फ्रीझरच्या लगेच खाली, म्हणून चिलर ट्रे तिथे दिलेला असतो: दूध, लोणी, पनीर, मासे यांची ती जागा. मागच्या भिंतीवरच्या छिद्रांना कोथिंबिरीची जुडी टेकवून ठेवली तर पाने काचेसारखी कडक होऊन सकाळी काळी पडतात. दारातले कप्पे सर्वांत उबदार, कारण दार उघडले की बाहेरची हवा आधी त्यांनाच भेटते. तरीही दुधाची पिशवी आपण दारातच उभी करतो. शिरूर-दौंडचा मे महिना चाळीस अंशांच्या आसपास तापतो, आणि अशा वेळी दारातले दूध लवकर नासले तर दोष दुधवाल्याचा नसतो. तळाचा भाजीचा ट्रे झाकणबंद असतो कारण फिरती हवा कोरडी असते. कॉइल उणे वीस-पंचवीस अंशांवर असल्याने हवेतली वाफ तिच्यावर गोठून बसते आणि तीच सुकलेली हवा पुन्हा आत फिरते. म्हणून डबल डोअरमध्ये उघडी ठेवलेली कणीक रात्रीतून पापुद्रा धरते आणि मेथी मलूल होते. झाकण ठेवायला पर्याय नाही.

मग कॉइलवर गोठलेल्या त्या बर्फाचे काय होते? 'फ्रॉस्ट फ्री' या शब्दामुळे वाटते की बर्फ होतच नाही. होतो, भिंतीआड होतो, आणि ठरावीक तासांनी कॉइलखालचा हीटर पेटून तो वितळवतो. पाणी एका बारीक नळीतून उतरून कॉम्प्रेसरवरच्या पसरट भांड्यात जमते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाफ होऊन उडून जाते. फ्रिजच्या पोटात रोज चुलीचा असा छोटा खेळ चालतो हे ऐकून अनेकांना गंमत वाटते. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचू लागले तर ही नळी कचऱ्याने किंवा बर्फाने तुंबली असण्याचा संभव मोठा. फ्रीझर ठीक आणि खालचा कप्पा गरम अशी तक्रार असेल तर हीटर, त्याचा थर्मोस्टॅट किंवा पंखा यांच्यापैकी कोणीतरी काम सोडलेले असते. बर्फाने कॉइल लिंपली जाते, हवा अडते, आणि झळ आधी खालच्या कप्प्याला लागते, कारण तो वाटपात शेवटचा.

अशा वेळी 'गॅस संपलाय' हे वाक्य ऐकू येते. फ्रिजमधला वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही. नळ्या वितळवून बंद केलेल्या असतात. वायू कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून जोडल्याशिवाय नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. वायूही काळानुसार बदलले. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असे. ओझोनच्या थराला तो घातक ठरल्यावर १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याची गच्छंती सुरू झाली, भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. मग आर-१३४ए आला. त्याने ओझोनला धक्का लागत नसला तरी पृथ्वीच्या तापमानवाढीत तो भर घालतो. आता बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. तो ज्वलनशील आहे, स्वयंपाकाच्या गॅसच्या नात्यातलाच. घाबरण्याचे कारण नाही, कारण तो भरलेला असतो जेमतेम मोजके ग्रॅम. पण गॅस पूर्ण काढून टाकल्याशिवाय थेट टॉर्च लावून नळी जोडू पाहणाऱ्या मेकॅनिकला घरात घेऊ नये. मागे चिकटवलेल्या लेबलवर वायूचे नाव आणि वजन दोन्ही छापलेले असते.

आता लिटरचा हिशेब. साधारण २४० लिटरचा डबल डोअर बाहेरून मोजला तर रुंदी ५८ सेंटिमीटरच्या आसपास, उंची १४८ आणि खोली ७० भरते. गुणाकार केला तर हे खोके स्वयंपाकघरातली जवळपास ६०० लिटर जागा अडवते! उरलेले ३६० लिटर जातात कुठे? कॉम्प्रेसरचा कोनाडा, पंखा, पन्हाळ, दाराची जाडी, आणि मुख्य म्हणजे भिंतीतला पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम. रांजणगावच्याच काय, कोणत्याही फ्रिजच्या कारखान्यात पाहण्यासारखा टप्पा हा पफचाच. बाहेरचा रंगीत पत्रा आणि आतला पांढरा प्लास्टिकचा साचा एकमेकांत बसवून साच्यात घट्ट आवळतात आणि मधल्या पोकळीत दोन रसायनांचे मिश्रण सोडतात. ते फसफसून फुगते, कानाकोपरे भरते आणि काही मिनिटांत कडक होते. पत्रा, प्लास्टिक आणि फोम यांचा एकजीव ठोकळा तयार होतो. फ्रीझरभोवती हा थर जाड ठेवतात, खाली थोडा पातळ. नळ्या याच फोममध्ये गाडल्या जातात, म्हणून कुशीतल्या नळीला गळती लागली तर दुरुस्ती अवघड होऊन बसते.

कागदावरच्या लिटरमध्येही एक मेख होती. पूर्वी दुकानात मोठ्या अक्षरांत सांगितला जायचा तो एकूण आकार, म्हणजे ट्रे, कप्पे, दिवा सगळे काढून टाकले तर आतली पोकळी किती, तो आकडा. १ जानेवारी २०२३ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे, म्हणजे बीईईचे, नवे निकष आले आणि कंपन्या प्रत्यक्ष साठवणुकीचा आकडा पुढे करू लागल्या. २६० लिटरचे म्हणून विकले जाणारे मॉडेल २४२ लिटरचे झाले. फ्रिज तोच, आकडा खरा झाला. जुन्या फ्रिजच्या मापाने नवा घ्यायला निघालेल्यांनी हे ध्यानात घ्यावे, नाहीतर दुकानदार आपल्याला लहान फ्रिज देतोय असा उगाच संशय येतो.

या २४० लिटरमधले ५० ते ६० लिटर वरच्या फ्रीझरचे. इथे थोडे स्पष्ट बोलायला हवे. कॅटलॉगमध्ये फ्रीझर जितका मोठा तितका फ्रिज भारी, असा सूर असतो. पण शिरूर-दौंडकडच्या बऱ्याच घरांत फ्रीझर उघडून पाहिला तर बर्फाचे दोन ट्रे, हिवाळ्यात सोलून ठेवलेला मटार, आंब्याच्या दिवसांत रसाचे डबे आणि मुलांचे आइस्क्रीम, एवढाच ऐवज सापडतो. ताजे दूध, ताजी भाजी, मटण आणले की त्याच दिवशी संपवायचे, ही इथली रीत. अशा घराला खालचा कप्पा मोठा हवा असतो. फ्रीझरचा लिटर महागही पडतो: बीईईच्या आधीच्या तक्त्यांत फ्रीझरच्या एका लिटरला खालच्या कप्प्याच्या १.६२ लिटरइतके धरलेले होते. हा आकडा कुठून आला? चाचणीची खोली ३२ अंशांची, फ्रीझर उणे १५ वर, म्हणजे फरक ४७ अंश. खालचा कप्पा ३ अंशांवर, फरक २९. सत्तेचाळीसला एकोणतीसने भागले की १.६२. जितका तापमानातला फरक मोठा, तितकी उष्णता आत झिरपते आणि तितकी वीज जाते. म्हणूनच फ्रीझर हवा तेव्हा साध्या फ्रिजमध्ये बदलता येणारी 'कन्व्हर्टिबल' मॉडेल्स आपल्याकडे खपतात, आणि ती सोय इथल्या घरांना खरोखर उपयोगी आहे. एरवी बंद पडून असणारा वरचा कप्पा लग्नसराईत भाज्यांच्या कामी येतो.

दुकानात जाताना लिटरपेक्षा घरातल्या सर्वांत मोठ्या पातेल्याचे माप नेणे शहाणपणाचे. दोन काचेच्या फळ्यांमध्ये ते बसते का, फळी वर-खाली सरकवता येते का, हे उघडून पाहावे. दुसरे माप दाराचे. फ्रिज भिंतीला अगदी चिकटून कोपऱ्यात ठेवायचा असेल तर दार काटकोनात अडते आणि भाजीचा ट्रे बाहेर ओढताच येत नाही, तो दाराच्या कप्प्याला आपटतो. हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण तिथे शेजारी भिंत नसते. तिसरे माप जिन्याचे, ते बहुधा फ्रिज खाली अंगणात उतरल्यावर आठवते.

स्टारच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तेही छापलेले असते. खरेदीत ताऱ्यांपेक्षा तो आकडा पाहावा. फ्रिज जितका मोठा तितकी वापराची मुभाही जास्त असल्याने मोठा चार-स्टार फ्रिज लहान तीन-स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. तसेच मागच्या लेबलवर 'टी' हे अक्षर शोधावे. हा उष्ण हवामानाचा वर्ग असून तो ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो.

वस्तीवर राहणाऱ्यांची डोकेदुखी वेगळी: लाईट. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज उतरते, बल्ब मिणमिणतो आणि फ्रिजमागून 'टक्' असा आवाज येतो. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरला कमी व्होल्टेजमध्ये उचल घेता येत नाही, तो तापतो आणि त्याचे संरक्षक बटण त्याला बंद पाडते. तोच तो आवाज. लाईट जाऊन लगेच आली तरी असेच होते, कारण नळ्यांतला दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर सावकाश वेग धरतो आणि गरजेपुरता फिरतो, म्हणून तो अशा ठिकाणी जास्त टिकाव धरतो. मात्र इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आणि घरात बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर यांचा काडीचाही संबंध नाही. 'इन्व्हर्टरवाला फ्रिज घेतला तरी लाईट गेल्यावर बंदच पडतो' ही तक्रार दुकानदारांच्या कानी नेहमीच येते. लाईट गेल्यावर दार उघडले नाही तर खालचा कप्पा साधारण चार तास तग धरतो, आणि ठासून भरलेला फ्रीझर त्याहून बराच जास्त. दाराचे रबर सैल झाले असेल तर हा हिशेब कोलमडतो. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ओढून पाहावी. सहज सुटली तर रबराची चुंबकपट्टी ढिली पडली आहे.

दौंडमध्ये फ्रिज जितका वापरला जातो जवळपास तितकाच हलवलाही जातो. जंक्शन असल्याने रेल्वेची वसाहत मोठी, शिवाय राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट इथे आहेत, त्यामुळे बदल्यांचा मोसम आला की सामानाचे टेम्पो निघतात. टेम्पोत जागा कमी म्हणून फ्रिज आडवा घातला जातो. कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असते. फ्रिज आडवा झाला की ते नळ्यांत शिरते. उभा करून लगेच चालू केला तर तेलाविना कॉम्प्रेसर घासला जातो. नेताना फ्रिज उभाच बांधावा. आडवा न्यावा लागलाच तर नव्या क्वार्टरमध्ये उभा करून निदान काही तास, जमल्यास रात्रभर, तसाच ठेवावा आणि मग बटण दाबावे. त्यानंतरही आत नीट गारवा यायला चार-पाच तास लागतात, तोवर दुधाची पिशवी शेजारच्या क्वार्टरमधल्या फ्रिजमध्ये.